अगस्त्याच्या वाट्याचा अंधार

माननीय वीजमंत्री, गोवा राज्य,
सादर नमस्कार.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला मी सत्तरीतल्या आमच्या गावच्या पठारावर ताऱ्यांचे फोटो काढायला कॅमेरा लावून बसलो होतो. मध्यरात्रीनंतर दंव पडायला लागलं की अंगावरचं कांबळही ओलं होतं. लेन्स तर माणसाआधी गारठते आणि तिच्यावर दंव धरतं. मग मोज्यात गरम केलेले तांदूळ भरायचे आणि तो मोजा लेन्सभोवती बांधायचा. एक्स्पोजर २० सेकंदांचं. फार लांबवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

मृग, रोहिणी, व्याध, सगळे मिळाले. मला हवा होता अगस्त्य तारा. तो उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं आजोबा सांगायचे. गोव्यातून तो दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर चढतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात फोटोवर दुधट पडदा आला. वळणावर नवा पांढरा एलईडी दिवा बसलाय. त्याचं तोंड तिरकं, निम्मा उजेड आभाळात. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश बराच असतो आणि तोच हवेत जास्त विखुरतो.

साहेब, दिवा काढा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याच वळणावरून माझी आई पहाटे चालत जाते. फक्त दिव्याला वरून टोपी हवी, उजेड रस्त्यावर पडावा आणि दिवा ३००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आतला, पिवळसर असावा. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवरही हेच हवं. अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजेडाला भुलतात आणि समुद्राकडे पाठ करून चालू लागतात.

महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळं आभाळ जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. लडाखात हानलेचं आभाळ त्याआधीच राखीव झालं. पण हानलेहून अगस्त्य पाच अंशही वर येत नाही. दक्षिणेचं आभाळ आपल्याला त्यांच्याहून कितीतरी जास्त मिळालंय, आणि ते आपण एका उघड्या दिव्यापायी घालवतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या पुढच्या टेंडरमध्ये टोपीची अट घाला. सुरुवात सत्तरी आणि सांगेच्या गावांपासून करा. पाहणीला कुणाला पाठवलंत तर डिसेंबरातल्या अमावस्येला, रात्री एकच्या सुमारास पाठवा. अगस्त्य तेव्हा सर्वांत वर असतो.

आपला,
सत्तरीतला एक नागरिक