सिलिंडर नंबर सारखा वाढतोय? आधी टोपोग्राफी करा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत चष्मा घालवायच्या लेसरवर अख्खं पान होतं, ते वाचून लिहायला बसले. पानभर माहिती, पण केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, हा शब्द एकदाही नाही, आणि आमच्या घरात गेली दोन वर्षं दुसरा विषय नाही.

मुलगा १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी चालू होती, चष्म्याची कटकट नको म्हणून लेसर करून टाकू असं ठरवून आम्ही नाशिकला गेलो. लेसरच्या आधी बुबुळाचा नकाशा काढतात, टोपोग्राफी, रंगीत प्रिंट येते. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या प्रिंटवरच्या लाल डागावर पेन टेकवलं आणि म्हणाले लेसर विसरा, ह्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळाचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय. साधारण माणसाचा मधोमध ५४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या आसपास असतो, ह्याचा डावा ४५५ आणि उजवा ३६०, वर व्रण पडलेला. लेसरने आहे तोच थर अजून घासला गेला असता!

त्याआधीची चार वर्षं काय चाललं होतं तर दर सहा-आठ महिन्यांनी दुकानात जायचं, मशीनवर हनुवटी ठेवायची, "सिलिंडर वाढलाय" म्हणायचे, म्हणजे बुबुळाचा बाक असमान असला की लागणारा चष्म्याचा नंबर, मग नवीन काच. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचे ड्रॉप दिले, बस. पोरगा लहानपणापासून डोळे चोळायचा, मूठ वळून, कणीक तिंबल्यासारखा, आणि आम्ही म्हणायचो झोप आली वाटतं. चोळण्याने हा आजार वाढतो हे कुणी सांगितलंच नाही.

डाव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग झालं, डॉक्टर लोक सी थ्री आर म्हणतात. वरची पातळ साल खरवडतात, मग अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी टू व्हिटॅमिनचे पिवळेधमक थेंब, मग अल्ट्राव्हायोलेट लाइट, त्याने कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. जर्मनीत ड्रेस्डेनला हे शोधलं, २००३ साली पेशंटवरचे रिझल्ट छापून आले, अमेरिकेत परवानगी मिळायला २०१६ उजाडलं. तीन दिवस पोरगा अंधार करून बसला होता, डोळ्यातून नुसतं पाणी. पण ऑपरेशन म्हटलं की नातेवाईक विचारतात, मग चष्मा गेला का? नाही गेला, जाणारही नव्हता, ह्या ऑपरेशनने आजार आहे तिथे थांबवायचा असतो, गेलेली नजर परत आणायची नसते. म्हणून ते वेळेत व्हायला लागतं.

उजव्याची वेळ निघून गेली होती. नेहमीच्या पद्धतीत साधारण ४०० मायक्रॉन तरी लागतात, नाहीतर आतल्या पेशींना त्या किरणांचा धोका. रिंगचं विचारलं, कॉर्नियात बोगदा करून अर्धचंद्रासारखे प्लास्टिकचे तुकडे सरकवतात, टेंगूळ जरा बसतं, नाही जमलं तर काढताही येतात. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी तर प्लास्टिकऐवजी दान मिळालेल्या कॉर्नियाच्याच रिंगा घालायची पद्धत काढलीय. पण आमच्याकडे व्रण मधोमध, रिंगने तो थोडाच जाणार.

शेवटी डाल्क. म्हणजे बुबुळ बदलायचं पण पूर्ण नाही, हवेचा बुडबुडा सोडून सगळ्यात आतला थर सुटा करतात, तो स्वतःचाच ठेवतात आणि वरचा भाग नेत्रदानातला बसवतात. अख्खं बदललं की शरीराने ते नाकारायची भीती जास्त, कारण आतल्या पेशीही परक्या. १६ टाके. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला, लहान मुलं सूर्य काढतात ना तसे गोल किरण. १३ महिने झाले, पाच टाके अजून आहेत, स्टिरॉइडचे थेंब चालू, त्यामुळे डोळ्याचं प्रेशर तपासायला चकरा. आणि नंबर ह्याही डोळ्याला राहणारच आहे, बहुतेक कडक लेन्स घालावी लागेल. भरतीचा विषय आम्ही घरात काढत नाही.

हे लाखात एखाद्याला होतं असं समजू नका. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या साडेचार हजारांवर लोकांचे डोळे तपासले होते, त्यात २.३ टक्के लोकांच्या बुबुळाचा बाक ४८ डायॉप्टर (हा बाक मोजायचं एकक) किंवा जास्त निघाला, आणि तोच त्यांनी केराटोकोनसचा निकष धरला होता.

तेव्हा पुढच्या वेळी लेसरवर पान काढाल तेव्हा एक चौकट एवढीच छापा: पोराचा सिलिंडर नंबर भराभर वाढतोय, नवीन चष्म्यानेही खालच्या ओळी वाचता येत नाहीत, रात्री दिव्याला शेपटी फुटल्यासारखी दिसते, तर नवीन काच घ्यायच्या आधी टोपोग्राफी करा. भावंडांचीही करा. आमच्या धाकटीची मागच्या आठवड्यात केली, १४ वर्षांची आहे, सध्या ठीक आहे, सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

एक आई, निफाड