फर्स्ट इयरवाल्यांनो, हे वाचा मगच मेसमध्ये पळा

मंडळी, खर्च कसा भागवायचा, स्कॉलरशिपचं काय, त्रास झाला तर कुठे फोन करायचा, रोज कोणीतरी पर्सनलवर तेच विचारतंय म्हणून एकदाच इथे टाकतेय. पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, लायब्ररी, ऑफिस, बाग असं तासावर काम असतं, विभागात विचारा, लाजायचं काय त्यात, मी स्वतः दोन वर्षं पुस्तकांवरची धूळ पुसलीये आणि मेसचं बिल त्यातूनच भागवलंय.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म भरला की झालं असं समजू नका, तो पुढे कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे अडकला तर कोणी फोन करून सांगत नाही, स्टेटस आपणच बघायचं. बँक खातं आधारला लिंक हवं, माझे पैसे याच एका कारणाने सात महिने लटकले होते. रिन्यूअल दरवर्षी करायचं बरं का!

रॅगिंगचा त्रास असेल तर हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. झोप लागत नाही, घरची आठवण येते, नुसतं रडू येतं, तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीचं कार्ड अजून काढलं नसेल त्यांनी उद्या सकाळीच जा, दुपारी रांग बघून परत याल.