तेरा महिन्यांच्या वाहतूक मंत्रालयाची फाइल उघडा

प्रति,
मा. मंत्रिमंडळ सचिव,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

रेल्वे, रस्ते, बंदरे आणि विमाने या सगळ्यांसाठी केंद्रात एकच मंत्रालय असावे, ही सूचना अधूनमधून डोके वर काढते. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाहतूक विकास धोरण समितीनेही 2014 च्या अहवालात तसेच सुचवले होते. पण असे मंत्रालय आपल्याकडे एकदा होऊन गेले आहे, हे या चर्चेत फारसे कुणी काढत नाही.

25 सप्टेंबर 1985 रोजी राजीव गांधी सरकारने रेल्वे, नागरी विमान वाहतूक आणि भूपृष्ठ वाहतूक हे तीन विभाग एका वाहतूक मंत्रालयाखाली आणले. भूपृष्ठ वाहतुकीत जहाजे आणि बंदरेही होती. सरकारी भूगोलात समुद्र भूपृष्ठावरच येतो. 22 ऑक्टोबर 1986 ला तिन्ही विभागांची पुन्हा तीन मंत्रालये झाली. तेवढ्यात मंत्रीही बदलले. बन्सीलाल जून 1986 मध्ये हरियाणाचे मुख्यमंत्री म्हणून गेले आणि त्यांच्या जागी मोहसिना किडवई आल्या. चार महिन्यांत मंत्रालयच गेले.

सप्टेंबर 1985 च्या त्याच आठवड्यात, त्याच फेरबदलातून मनुष्यबळ विकास मंत्रालय जन्मले होते. त्यातून महिला व बालविकास, संस्कृती, क्रीडा असे एकेक विषय पुढे बाहेर पडले, तरी ते नाव 2020 पर्यंत टिकले. मग वाहतुकीचेच एवढ्या लवकर का फिसकटले?

माझा तर्क पैशाकडे जातो. रेल्वेचा अर्थसंकल्प 1924 पासून वेगळा मांडला जाई, तो थेट 2017 मध्ये मुख्य अर्थसंकल्पात आला. म्हणजे 1985 मध्ये मंत्री एक, पण तिजोऱ्या दोन. त्यात 1905 पासूनचा रेल्वे बोर्ड. त्याचा अध्यक्षच रेल्वेचा प्रधान सचिव असे, सदस्यही सचिवांच्या पातळीचे. असा सवतासुभा दारावरची पाटी बदलून मोडत नाही. एखाद्या मार्गावर रूळ टाकायचे की रस्ता रुंद करायचा, हे ठरवून निधी इकडून तिकडे वळवणे त्या मंत्र्याला कितपत शक्य होते? तेव्हाच्या टिपणांमध्ये याचे उत्तर असायला हवे. ती वाचल्याशिवाय ‘तो प्रयोग फसला’ असे म्हणायला मी तयार नाही. तेरा महिनेही पुरते न भरलेल्या व्यवस्थेची परीक्षा तरी काय झाली?

हा एकच प्रसंग असता तर पत्र लिहिले नसते. जानेवारी 1966 मध्ये वाहतूक आणि विमान वाहतूक एकत्र केली, मार्च 1967 मध्ये वेगळी. रस्ते आणि जहाज वाहतूक नोव्हेंबर 2000 मध्ये वेगळी केली, ऑक्टोबर 2004 मध्ये एकत्र, 2009 मध्ये पुन्हा वेगळी. दर वेळी कार्यविभाजन नियम, 1961 यांत दुरुस्ती झाली की काम संपले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 77(3) खाली हे नियम होतात, त्यांना संसदेची मंजुरी लागत नाही. ही लवचिकता असू द्यावी. मात्र कोणता विषय कुठे गेला हे त्या आदेशात कळते, का गेला हे कळत नाही.

न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या कंटेनरचा आज तीन मंत्रालयांशी संबंध येतो: बंदराचे एक, महामार्गाचे दुसरे, रेल्वेचे तिसरे. त्यांची मोट बांधण्यासाठी ऑक्टोबर 2021 मध्ये पीएम गतिशक्ती योजना आली आणि तिच्या सचिव गटाचे अध्यक्षपद आपल्याच पदाकडे आहे. मंत्रालये न जोडता नियोजन जोडायचे, हा त्यामागचा विचार मला तरी अधिक शहाणपणाचा वाटतो. पण 1985-86 चा अनुभव समोर नसताना हे ठामपणे कसे म्हणावे?

म्हणून विनंती. या मंत्रालयाच्या स्थापनेची आणि विसर्जनाची कागदपत्रे मंत्रिमंडळ सचिवालयाच्या संकेतस्थळावर खुली करावीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(3) वीस वर्षांपूर्वीच्या माहितीवरचे बहुतेक अडसर काढते. मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांचा अपवाद तिथेही राहतो हे खरे. पण विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि आधार जाहीर करायचे, असे त्या अपवादाचेच परंतुक सांगते. हा विषय 1986 मध्येच पूर्ण झाला.

कागद खुले करताना तीन गोष्टी आवर्जून असाव्यात. तिन्ही विभागांना लागू असे किती निर्णय त्या काळात एकत्र झाले, रेल्वे बोर्डाने लेखी काय म्हणणे मांडले, आणि मंत्रालय मोडण्याच्या प्रस्तावावर पहिली सही कोणत्या तारखेची आहे.

आपला विश्वासू,
एक नागरिक