सिमल्याचा बेत: चढ किती, उतार किती

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

सिमल्याला जायचं तुम्ही ठरवलंत, याचा मला फार आनंद झाला. फोनवर सगळं सांगितलं तर निम्मं विसरतं, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र छापून बाबांच्या फायलीत ठेवा.

पहिली गोष्ट अंतराची. सिमल्यात किलोमीटर मोजून बेत आखायचा नाही, चढ-उतार मोजून आखायचा. शहर एका लांब डोंगरधारेवर वसलंय, उंची साधारण 2,200 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याच्याही जवळजवळ नऊशे मीटर वर. या उंचीवर हवा विरळ असल्याचा त्रास सहसा होत नाही, पण बाबांना चढावर धाप लागेल. आई, तुझं उलटं आहे. तुझे गुडघे चढापेक्षा उतारावर जास्त दुखतात, कारण उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावरच झेलला जातो. म्हणून "जाताना गाडी, येताना चालत" हा लोकांचा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा आहे. दोन्हीकडे गाडी, आणि चालायचं ते रिज आणि मॉल रोडच्या सपाट भागात. तो पट्टा धारेच्या कडेने जातो, तिथे वाहनं नसतात आणि बसायला बाकं आहेत.

तारीख अशी धरा: पाडवा घरी करा आणि रामनवमीच्या आसपास निघा. तेव्हा बुरांशाची लाल फुलं असतात, दुपारी एका स्वेटरवर भागतं, रात्री मात्र चांगलीच थंडी पडते. हनुमान जयंती टाळा, त्या दिवशी जाखू टेकडीवरच्या मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. मे-जूनचा तर विचारच नको. दिल्ली-पंजाबची सगळी गर्दी तेव्हा वर येते आणि पाण्याची टंचाई होते. 2018च्या उन्हाळ्यात तर लोकांनी टँकरसमोर रांगा लावल्या होत्या.

वारही जमवून घ्यायचे आहेत. शनिवार-रविवारी इथून चंदीगडहूनच गाड्यांची रीघ लागते, आणि सोमवारी तुम्हाला बघायच्या दोन मुख्य वास्तू बंद असतात. म्हणून रविवारी विमानाने माझ्याकडे या, सोमवारचा दिवस आगगाडीत घालवा, मंगळवार ते गुरुवार सिमला पाहा आणि शुक्रवारी सकाळी, वीकेंडची गर्दी वर चढायच्या आत, खाली उतरा.

आगगाडीबद्दल बाबा, तुमच्यासाठी थोडं जास्त लिहिते. कालका-सिमला लाइन 1903 साली सुरू झाली. रूळ फक्त 762 मिलिमीटर रुंदीचे. 96 किलोमीटरात गाडी 656 मीटरवरून 2,076 मीटरवर चढते, वाटेत शंभरावर बोगदे लागतात. सर्वांत लांब बोगदा 33 नंबरचा, बडोगचा, अकराशे मीटरहून जास्त. कनोहजवळ चार मजली कमानींचा दगडी पूल आहे, तो मुळीच चुकवू नका. 2008 पासून ही लाइन युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पहाटेच्या गाड्या नावाजलेल्या आहेत, पण त्यासाठी माझ्या घरून रात्री तीनच्या सुमाराला निघावं लागेल, तेव्हा त्या नकोत. कालक्याहून दुपारच्या सुमाराला सुटणारी हिमालयन क्वीन घ्या, पाच-साडेपाच तासांत उजेडात पोचाल. डबे अरुंद आहेत, मोठी सुटकेस सीटखाली मावत नाही. दोन छोट्या बॅगाच आणा. बडोगला गाडी थांबते, तिथे स्वच्छतागृहाला जाऊन या.

सिमला स्टेशन मॉलच्या बरंच खाली आहे. तिथून चालत वर जायचं नाही. टॅक्सी कार्ट रोडवर लिफ्टपाशी सोडेल. ही लिफ्ट पर्यटन महामंडळाची आहे आणि दोन टप्प्यांत मॉलवर नेते. संध्याकाळी रांग असते. बॅगा कुलीकडे द्या, भाडं आधी ठरवा, सुटे पैसे जवळ ठेवा.

हॉटेल मी बघते, पण तुम्हाला कोणी दुसरं सुचवलं तर "ग्राउंड फ्लोअरची खोली आहे का" एवढंच विचारून थांबू नका. डोंगरउतारावरच्या इमारतीत रस्ता बऱ्याचदा वरच्या मजल्याला लागून असतो आणि ग्राउंड फ्लोअर तीन जिने खाली. विचारायचं असं: गाडी जिथे थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? आकडा सांगायला टाळाटाळ केली तर ते हॉटेल सोडा. हीटरचे पैसे वेगळे लावतात का, हेही विचारा.

मंगळवारी फक्त रिज, ख्राइस्ट चर्च, गेटी थिएटर. दुपारी झोप. एवढाच कार्यक्रम पुरे, पहिल्या दिवशी दमलात तर पुढचे दोन्ही दिवस जातात.

बुधवारी व्हाइसरॉयचा जुना वाडा, जिथे आता भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. 1888 साली बांधून झाला. 1945ची सिमला परिषद इथेच भरली होती. बाबा, या एका जागेला सबंध सकाळ द्या. आत गटागटाने नेतात, तिकिटासाठी लवकर पोचा, नंतर बागेत बसा. घोळ असा होतो की या वाड्याला राष्ट्रपती निवास म्हणतात आणि सिमल्याजवळच्या मशोबऱ्यालाही दुसरं राष्ट्रपती निवास आहे, म्हणून टॅक्सी चुकीच्या टोकाला जाते. ड्रायव्हरला "ॲडव्हान्स्ड स्टडी" म्हणा. मशोबऱ्याचं म्हणजे "रिट्रीट". ते 2023 पासून लोकांना खुलं झालंय, तिथे गुरुवारी जायचं. तिथल्या लाकडी चौकटीत माती भरलेल्या धज्जी पद्धतीच्या भिंती मला वाड्याच्या झगमगाटापेक्षा जास्त आवडतात.

सिमल्याजवळचं कुफ्री मी मुद्दामच वगळलंय. घोड्यावरून चिखलात धक्के खाण्यापलीकडे तिथे एप्रिलमध्ये फारसं काही नाही, आणि आईच्या पाठीला ते झेपणार नाही.

जाखूला गुरुवारी दुपारी, रोपवेने. वारा सुटला तर रोपवे थांबवतात, मग हट्ट न करता रिजवर परत या. वर 108 फुटी मारुती आहे आणि माकडं फार धीट आहेत. ती चष्मा ओढतात. रोपवेतून उतरण्याआधी चष्मा काढून आतल्या खिशात ठेवा आणि एकमेकांचा हात धरून चाला. बाबा, प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून इतर ठिकाणी उतरताना मान पूर्ण खाली घालून बघा. जुना चष्मा बॅगेत असू दे.

काठी पुण्यातूनच रबरी टोपणाची घ्या. लक्कड बाजारातल्या काठ्या दिसायला देखण्या, पण नुसतं लाकूड ओल्या सिमेंटवर घसरतं. आणि सिमेंट ओलं होणारच, या दिवसांत अचानक पाऊस येतो, गाराही पडतात. बूट नवे नकोत, रोजचे वापरलेले हवेत. एका जाड स्वेटरऐवजी तीन पातळ कपडे एकावर एक घाला.

उतरताना टॅक्सीला चार तास लागतात, वळणांनी आईला मळमळेल. तिला पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी हलकंसंच खायला द्या. अव्होमिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी चालते, तिने झोप येते. बाबा, तुम्ही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असताना त्या गोळीने लघवी तुंबू शकते. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, दोन दिवसांच्या जास्तीच्या. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी घोट घोट प्या.

एक खायची गोष्ट: सिड्डू. आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून उकडतात आणि वर साजूक तूप. आई, दोघांत एकच मागव, जड असतो.

आजपासून रोज संध्याकाळी म्हातोबा टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन या, आणि सोसायटीचा जिना एक मजला चढून, जिन्याने न उतरता लिफ्टने खाली या. आईने दर आठवड्याला एक मजला वाढवायचा, गुडघा दुखला तर तिथेच थांबायचं.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि या गाडीच्या जागा लवकर संपतात. तेव्हा तारीख आणि दोघांच्या आधार कार्डाचे फोटो या रविवारपर्यंत पाठवा.

तुमची लेक