कल्हईआधी कढी नको

प्रिय सुधा,

माझी तब्येत बरी, गुडघे आहेत तसेच. पत्राला कारण तुझा फोटो. ओट्यावरची पितळी पातेली सुरेख आहेत, पण आतूनही पिवळीधमक दिसतात, म्हणजे आत कथलाचा थर, कल्हई, नाही. आणि रविवारी त्यात कढी करणार म्हणतेस! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आत पिवळं दिसतंय तोवर ताक, टोमॅटो, काही आंबट घालू नकोस. आमटीत चिंच की आमसूल हा आपला वाद चालू राहू दे, इथे दोन्ही सारखीच वाईट. आंबटात तांबं आणि जस्त उतरतं, पदार्थ कळकतो, मग मळमळ, उलट्या. माई यावरूनच ओरडायच्या. तुला वादात नियम लागतो, तर घे: कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य, असं अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत लिहिलं होतं. शोभेसाठी विकलेल्या भांड्यांवर पारदर्शक लॅकरही असतं. तसं असेल तर गॅसवर चढवूच नकोस.

कल्हई समोर उभी राहून करून घे. आधी भांडं घासून तेलकटपणा आणि डाग पूर्ण काढायला हवेत, नाहीतर तिथे कथील धरत नाही, काळे ठिपके राहतात. मग भट्टीवर तापवून नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर उठतो, तेव्हा तू लांब हो, तुझा दमा आहे. त्यावर कथलाची कांडी टेकवली की ती वितळते, कापसाच्या बोळ्याने भरभर सगळीकडे फिरवतात आणि भांडं पाण्यात बुडवतात. फार तापलं तर कथील पिवळट पडतं.

मला खरी काळजी त्या कांडीची आहे. भांडी पुन्हा घरोघर आली, पण जाणते कल्हईवाले तेवढे उरले नाहीत. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि शिसं मिसळलेली सोल्डरची कांडीही तितकीच चमकते. चकाकीवर जाऊ नकोस. शुद्ध कथील वाकवताना करकर वाजतं. शिसं जास्त असेल तर कांडी मुकी वाकते, कागदावर घासली की करडी रेघ उमटते. या नुसत्या खुणा आहेत, खात्री नव्हे. त्यामुळे जरा शंका आली तरी भांडं उचल आणि घरी ये. पुण्याला येणारच असलीस तर सगळी पातेली घेऊन ये, कसब्यात तांबट आळीत चौकशी करू.

नंतरही जपावं लागतं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओत. तारेची घासणी आत लावू नकोस, पितांबरी फक्त बाहेरून. आतून पिवळं डोकावलं की पुन्हा कल्हई.

निखिलचा निकाल लागला का? वन्संचं पथ्य चालू आहे ना? रविवारची कढी स्टीलच्या पातेल्यात कर आणि कल्हई कोणाकडे करणार ते आधी कळव.

तुझी,
मंगल