बाँडच्या खिशात एवढं एक पाकीट असू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुढचा जेम्स बाँड कोण होणार, ही चर्चा सध्या आपल्या पुरवण्यांपासून चहाच्या टेबलापर्यंत सगळीकडे चालू आहे. 2025 मध्ये बाँडपटांची सूत्रं ॲमेझॉनकडे गेली, दिग्दर्शक म्हणून देनी विल्नव यांचं नाव जाहीर झालं, आणि तेव्हापासून नटाचं वय, उंची, वर्ण यांवर पानंच्या पानं भरली जात आहेत. या चर्चेत मला एक मुद्दा घालायचा आहे. नवा बाँड कुणीही असो, तो शय्यागृहात निरोध वापरताना दिसला पाहिजे. तो वापरत असेलच असं प्रेक्षकांनी गृहीत धरायचं, एवढ्यावर भागत नाही. पडद्यावर दिसला पाहिजे.

मी 2003 ते 2021 या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक होते. पुढे ज्याला सगळे आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, म्हणू लागले, ते केंद्र. माझ्या यजमानांना बाँडपटांचा फार नाद. त्यामुळे दिवसभर खोलीत जे ऐकायचं आणि रात्री टीव्हीवर जे दिसायचं, ते माझ्या डोक्यात कायम शेजारी शेजारी राहिलं.

आमच्या टेबलाच्या खणात एक लाकडी मॉडेल असायचं. त्यावर निरोध कसा चढवायचा हे दाखवणं हा कामाचाच भाग. आधी पाकिटावरची तारीख बघायची. दात न लावता बोटांनी फाडायचं. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, बाहेर येताना कडा धरून ठेवायची, मग गाठ मारून कागदात गुंडाळून टाकायचा. खोबरेल तेल लावायचं नाही, रबर खराब होतं. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, उष्णतेनं तो कामातून जातो. हे मी किती हजार वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. दाराबाहेर मोफत निरोधांचा डबा होता. सकाळी ओपीडीच्या गर्दीत त्याला कुणी हात लावायचं नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, व्हरांड्यात चिटपाखरू नसताना, डबा रिकामा व्हायचा.

एकदा ट्रकवरचा एक क्लीनर आला होता. बाविशीचा पोरगा. ढाब्याजवळ कुठंतरी गेला होता, घाबरला होता. तपासणी निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी पुन्हा ये म्हणून सांगितलं. मॉडेलवर त्यानं सगळं बिनचूक करून दाखवलं आणि मग तसाच बसून राहिला.

"काय रे?"

"मॅडम, हे हातानं जमतंय. पण त्या टायमाला थांबायचं कसं? तिला म्हणायचं काय?"

"सरळ म्हणायचं, थांब जरा, आधी हे घालतो."

"असं कोण म्हणतं मॅडम? पिक्चरमध्ये तरी कुणी म्हणतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. अठरा वर्षांत माणसांना हात शिकवता आला, जीभ शिकवता आली नाही. खरी अडचण त्या अर्ध्या मिनिटाची होती. मध्येच थांबायचं, खिशात हात घालायचा, दोन शब्द बोलायचे, आणि तरीही दोघांपैकी कुणाला अपमान झाल्यासारखं वाटू द्यायचं नाही. हे कुठं शिकणार माणूस? घरी कुणी बोलत नाही. शाळेत प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून देतात. उरतो सिनेमा, आणि सिनेमा नेमकं तेच अर्धं मिनिट कापतो. दार लागतं, दिवा मालवतो, दुसऱ्या क्षणी सकाळ.

मग बाँडच कशाला, असं कुणी विचारेल. कारण ज्याला संकोच ठाऊकच नाही, असा पुरुष म्हणून जगानं साठ वर्षं त्यालाच पाहिलं आहे. त्यानं थांबून पाकीट काढलं, तर थांबण्यात कमीपणा नाही हे त्या क्लीनरला मी न सांगता कळेल. शिवाय ठरल्या कामगिरीवर जाताना त्याला पेनापासून मोटारीपर्यंत सगळं पुरवणारा एक अख्खा विभाग त्याच्या दिमतीला आहे. त्या सामानात हे एक पाकीट आजवर का नाही, हे मला कधीच समजलं नाही.

हा नायक असा का झाला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इयन फ्लेमिंग यांची पहिली बाँड कादंबरी 1953 ची, पहिला सिनेमा 1962 चा. कादंबरीच्या आधी दहा वर्षं, 1943 मध्ये, पेनिसिलीननं सिफिलिस बरा होतो हे दिसलं होतं. 1961 मध्ये ब्रिटनमध्ये संततिप्रतिबंधक गोळी मिळू लागली. म्हणजे जुन्या रोगांचं भय गेलं होतं आणि नवा रोग आला नव्हता, अशा मधल्या थोड्या वर्षांतला हा नायक आहे. त्या काळाच्या मानानं त्याला बेफिकीर म्हणता येणार नाही. पण फ्लेमिंग स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या नौदलाच्या गुप्तचर विभागात होते, आणि त्याच युद्धात सैनिकांना निरोध वाटले जात होते, गुप्तरोगांपासून सावध करणारी भित्तिपत्रकं छावण्यांत लागत होती. गणवेशातल्या माणसाला जे साधं शिस्तीचं सामान होतं, ते त्याच जगातून आलेल्या काल्पनिक हेराच्या हातात कधी आलं नाही.

1981 मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. 1986 मध्ये मद्रासला भारतातली पहिली प्रकरणं उघड झाली. 1987 मध्ये टिमोथी डाल्टन यांचा पहिला बाँडपट आला, आणि त्यातला बाँड जवळजवळ सगळा सिनेमाभर एकाच नायिकेबरोबर राहिला. एड्समुळे हा बदल झाला, असं तेव्हाही बोललं गेलं. या बदलाचं कौतुक झालं, पण मला तो चुकीच्या दिशेचा वाटतो आणि त्यावर जरा थांबून लिहायचं आहे.

बायकांची संख्या कमी केली म्हणजे धोका टळला, हा समज माझ्या खोलीत रोज येऊन बसायचा. माझ्यासमोर रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्ग दाखवणारा, रिपोर्ट घेऊन बसलेल्या बहुतेक बायकांच्या आयुष्यात एकच पुरुष होता, लग्नाचा नवरा. गरोदरपणाच्या तपासणीला आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, हातात हिरव्या बांगड्या, बरोबर सासू. तिनं कुणाशी काय केलं होतं? निरोधाचं नाव काढलं की या बायका म्हणायच्या, "मी मागितला तर हे म्हणतील, तुला कुठनं सुचलं? माझ्यावर संशय घेतीस का?" आणि पुरुष म्हणायचे, "मॅडम, ती घरची आहे. बाहेर असतो तेव्हा वापरतो की." म्हणजे निरोध कुणासाठी, तर जिच्यावर विश्वास नाही तिच्यासाठी. ज्या क्षणी प्रेम, त्या क्षणी निरोध बंद. एकनिष्ठ झालेला पण तरीही काहीच न वापरणारा बाँड हाच समज पक्का करतो. एकच जोडीदार आहे का, हा प्रश्न वेगळा. त्याची आणि आपली तपासणी झाली आहे का, आणि नसेल तर मध्ये काही आहे का, हा प्रश्न मी विचारायचे.

1995 च्या बाँडपटात "सुरक्षित संबंध" हे शब्द एकदाचे आले. पण कशासाठी? समोरची बाई म्हणते पिस्तुलाची गरज नाही, त्यावर बाँड म्हणतो, तुझी सुरक्षित संबंधांची व्याख्या काय त्यावर ते अवलंबून आहे. थिएटरमध्ये हशा. आमच्या घरीही यजमान हसले होते. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. तेव्हा मी या कामात नव्हते, पण आमच्या नात्यातला एक तरुण मुलगा त्याच वर्षी "टीबी"नं गेला होता आणि तो टीबी कशामुळे झाला हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

हे सिनेमावाले बदलत नाहीत असं मात्र नाही. कादंबरीतला बाँड दिवसाला साठ-सत्तर सिगारेटी ओढतो. पडद्यावरच्या बाँडच्या हातातली सिगारेट गेल्या काही दशकांत गेली, आणि त्यामुळे त्याची ऐट तसूभरही कमी झाली नाही. आपल्याकडे तर 2 ऑक्टोबर 2012 पासून पडद्यावर कुणी विडी पेटवली तरी कोपऱ्यात इशाऱ्याची पाटी येते. सिनेमा पाहून माणसं सिगारेट उचलतात हे सरकारनं मान्य केलं आहे. मग सिनेमा पाहून माणसं बाकीचं काहीच उचलत नाहीत, असं कसं म्हणायचं? 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी सगळे बाँडपट पाहून त्याच्या संसर्गाच्या धोक्यांवर एका वैद्यकीय नियतकालिकात लेखच लिहिला. त्यांना तो हात धुताना फक्त दोनदा दिसला. आपण गमतीनं वाचतो, पण कोविडच्या दोन वर्षांत हात धुणं किती जणांनी पडद्यावरूनच शिकलं ते आठवून पाहा.

आणि हेर-गुप्तहेरांच्या गोष्टीत हे बसत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच दूरदर्शनची आठवण देते. 2002 पासून काही वर्षं "जासूस विजय" ही हिंदी मालिका लागत असे. बीबीसीची सेवाभावी संस्था, दूरदर्शन आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून काढलेली. आदिल हुसेन विजय झाले होते, ओम पुरी सूत्रधार. खून, चोऱ्या, पाठलाग सगळं होतं, आणि त्या जासूसाला स्वतःला एचआयव्ही होता. तरीही तो गुन्हेगार पकडायचा, लोक त्याची वाट बघायचे. आमच्याकडे एक गवंडी यायचे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू करायला तयार नव्हते, आता काय उपयोग म्हणून. त्यांची बायकोच त्यांना म्हणाली, "अहो, तो विजय कुठं घरात बसलाय?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गोळ्या सुरू केल्या. मी निवृत्त झाले तेव्हाही ते परांचीवर होते.

आपल्याकडच्या अडचणीही मला माहीत आहेत. 2015 मध्ये सेन्सॉर बोर्डानं बाँडचं चुंबन निम्म्यावर आणलं. डिसेंबर 2017 मध्ये निरोधाच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत दाखवू नका अशी सूचना निघाली. उत्तान नसलेल्या जाहिरातींना ती लागू नाही हा खुलासा मागाहून आला, पण तोवर वाहिन्यांनी जो संदेश घ्यायचा तो घेतला होता. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत "समाजस्वास्थ्य" चालवलं, खटले अंगावर घेतले. आपण त्यांच्यामागे शंभर वर्षांनी एक पाकीट पडद्यावर बघायला का बिचकायचं?

मी उत्तान काही मागत नाही. अंग दिसायची गरज नाही. बाँडनं कोट खुर्चीवर टाकावा, आतल्या खिशातून पाकीट काढावं, दिव्याखाली धरून त्यावरची तारीख बघावी. किंवा तिनंच पर्समधून काढून त्याच्या हातात द्यावं आणि त्यानं ते मुकाट्यानं घ्यावं. मला हे दुसरं जास्त आवडेल. मग खुशाल दिवा मालवा. सात-आठ सेकंदांचं काम आहे. आणि सिनेमा इथं आला की आपल्या सेन्सॉर बोर्डाला माझी विनंती आहे, बाकी काय कापायचं ते कापा, एवढा तुकडा राहू द्या.

(तालुक्यात मला ओळखणाऱ्यांवरून माझ्याकडे येणाऱ्यांची ओळख लागू शकते, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)

आपली,
एक निवृत्त समुपदेशक,
जिल्हा सातारा