तुझ्या फटाक्याचं उत्तर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री गच्चीवर दुर्बीण लावून तासभर बसलो होतो. चंद्राची दक्षिणेकडची कड जराशी आपल्याकडे कलली होती, म्हणून कॅबियस विवर शोधत होतो. सापडलं असं छातीठोक सांगवत नाही. काळ्या सावलीची चपटी रेघ आणि मागेपुढे डोंगर, बस!

रुंदी म्हणशील तर शंभरेक किलोमीटर, जवळजवळ पुणे ते सातारा. पण ते ८५ अंश दक्षिणेला, ध्रुवाजवळ. त्यामुळे आपल्याला कडेनं दिसतं, जेवायला बसलेल्या पोराला ताट दिसावं तसं. त्यात म्हातारं. टायको या तरुण, ठसठशीत विवराचा तोरा त्याला नाही. काठ ढासळलेले, अंगावर नव्या विवरांचे खड्डे. लोणारच्या घळी बघून तू विचारलं होतंस, की चंद्रावर पाऊस नाही, मग तिथं झीज कशानं होते? लहानमोठ्या उल्का अब्जावधी वर्षं टोचत राहतात, आणि शेजारी मोठा दणका बसला की उडालेला राडा अंगावर येऊन पडतो. त्यानंच.

आता मूळ मुद्दा. ९ ऑक्टोबर २००९, संध्याकाळचे पाच, दिवाळी आठवड्यावर आलेली. पाण्याचा माग काढायला नासाच्या एलक्रॉस मोहिमेनं सेंटॉर रॉकेटचा दोन टनांहून जड रिकामा टप्पा, सेकंदाला अडीच किलोमीटर वेगानं, याच विवराच्या अंधारात आपटला. चार मिनिटं मागून येणारं यान त्या धुरळ्याची मापं पाठवत गेलं आणि तेही आपटलं. आपण तुझ्या ऑफिसात थेट प्रक्षेपण बघत होतो. पडद्यावर राखाडी, मग आणखी राखाडी. तू म्हणालास, "एवढ्या खर्चात एक फटाका तरी वाजायला हवा होता!" मी गप्प बसलो.

महिनाभरानं पाणी सापडल्याचं जाहीर झालं. पुढच्या मोजदादीत आकडा आला सुमारे १५५ किलो, वाफ आणि बर्फ मिळून. दहा बादल्या. हसू नकोस, तिथल्या मातीत वजनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं, शिवाय पारा आणि चांदीचा अंशही. चांद्रयान-१ नं त्याच वर्षी पाण्याच्या खुणा दाखवल्या होत्या, पण त्या अगदी वरच्या पातळ थरातल्या. इथं तळच उकरला गेला.

चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला, म्हणून ध्रुवापाशी सूर्य क्षितिजालगतच घोटाळत राहतो. विवराच्या तळाचा काही भाग उन्हाला ठाऊकच नाही. तिथं उणे २३० अंशांच्या आसपास थंडी, म्हणून बर्फ टिकून राहतो. मला गंमत वाटते ती काठांची. इतके झिजले, तरी सावली धरण्यापुरते उरलेत.

दिवाळीत येशील तेव्हा माझी १० मिलिमीटरची आयपीस, म्हणजे दुर्बिणीचं डोळ्याजवळचं भिंग, आण. तीन वर्षं झाली. तिच्याशिवाय ही रेघ काही रुंद होत नाही.

तुझा,
अण्णा